शुक्रवारपर्यंत

एडिनबराहून पत्र आलं त्याला अकरा दिवस झाले.
सार्वजनिक धोरण, पदव्युत्तर, एक वर्ष.
शिष्यवृत्ती निम्मी.
उरलेली निम्मी म्हणजे किती हे घरात सांगायला
मी पौंडांचे सोम केले,
सोमांची राजम्याची पोती केली,
आणि बेरीज खोडून टाकली.

तलासच्या खोऱ्यात आम्ही राजमा पिकवतो, खात मात्र नाही.
ट्रक येतात, पोती नेतात.
आई म्हणाली, तिकडे मिळत असेल ना तुला?
मग म्हणाली, लाल गाय विकू.
मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही,
पीठ मळत राहिली, मळून झाल्यावरही.

बाबा मुराब आहेत, गावाचे पाटकरी.
कुणाची पाळी कधी, कुणाला किती तास,
हे सगळं त्यांच्या डोक्यात
आणि एका निळ्या वहीत.
वहीतलं अक्षर माझं, सातवीपासून.
अर्जातल्या निबंधात मी लिहिलं होतं:
'सामुदायिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा दशकभराचा अनुभव'.
खोटं नव्हतं. पण परत वाचलं तेव्हा
ती कुणी दुसरीच मुलगी वाटली,
बुटांना कधी चिखल न लागलेली.

जमीरा गेली होती, चार वर्षांपूर्वी.
आता बिश्केकला, सातव्या मजल्यावर.
फोनवर म्हणाली, ये गं, डोळे उघडतात.
मी विचारलं, आणि परत गावी?
ती हसली.
हसणं संपल्यावरही तिने फोन ठेवला नाही.

बुधवारी रात्री दोनला आमची फेरी.
तिसऱ्या दाराची फळी कुणीतरी उचललेली,
पाणी उलकानच्या वावरात,
पाळी तिची नसताना.
तिचा मुलगा मॉस्कोत. काल तिची पाळी होती
तेव्हा ती तापाने झोपून होती, हे सगळ्यांना माहीत.
बाबा बांधावर बसले. सिगरेट पेटवली.
वीस मिनिटं, म्हणाले.

वहीत काय लिहू?
तुला काय वाटतं?

दहा वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं.
टॉर्च माझ्या हातात, पेन्सिल दातांत,
आणि पाणी अंधारात चालल्याचा तो आवाज,
कुणी अनवाणी घर झाडत असावं तसा.
मी म्हटलं, ही वीस मिनिटं कुणाच्या खात्यातून?
आपल्या.
दर वेळी आपल्याच?
ते काही बोलले नाहीत.
मला एकदम कळलं, आमचा राजमा
दर वर्षी का बारीक असतो.

मला रागही आला, खरं सांगते.
एका माणसाच्या चांगुलपणावर
खोऱ्याचं पाणी चालावं, याचा.
आणि तो माणूस गेल्यावर?
बहुधा हाच प्रश्न घेऊन मी अर्ज केला होता.
निबंधात तो कुठेच नाही.

मी गेले तर वही कोण लिहील, मी विचारलं.
बाबांनी फळी खाली दाबली, पायाने, सवयीने.
तू लिहायच्या आधी वही नव्हती, म्हणाले.
पाणी होतं.

हे जा म्हणणं होतं की नको जाऊ,
घरी येईपर्यंत मी ठरवत होते.
नंतर वाटलं, दोन्ही नसेल.
पाणी होतं, एवढंच असेल.

सप्टेंबरात तिकडे वर्ग सुरू होतात.
सप्टेंबरात इकडे राजमा उपटतात.

आज शुक्रवार. दुकानातून नवी वही आणली,
पट्टीने रकाने आखले.
शेजारची आयझिरेक, वय बारा,
कोपरावर गाल टेकून बघत होती.
नाव इथे, तास इथे, दार कितवं ते इथे.
आणि हा शेवटचा?
त्याला नाव नव्हतं. हातातून आखला गेला होता.

दिलेली मिनिटं, मी म्हटलं.
कुणी, कुणाला, कुठल्या खात्यातून.
तिने जीभ बाहेर काढून, जपून,
पहिली ओळ लिहिली: उलकान, वीस.
आमचं आडनाव लिहिताना चुकली.

मी खोडरबर दिलं.
फोन पालथा ठेवलाय. मुदत रात्री बारापर्यंत,
म्हणजे त्यांच्या बारापर्यंत. आमच्याकडे उजाडायला आलेलं असेल.